उघडता येईल तेच घरात आणा



होळी आटोपली की आमच्या कुडव्यात काय, नि साऱ्या गोंदियात काय, घरोघरचे कूलर माळ्यावरून खाली उतरतात. विदर्भाबाहेरच्या भगिनींसाठी आधी थोडे सांगते. आमचा कूलर म्हणजे लोखंडी घोडीवर उभी केलेली पत्र्याची पेटी. तिच्या तीन बाजूंना लाकडाच्या किसाच्या ताट्या, चौथ्या बाजूला पंखा, खाली पाण्याची टाकी, टाकीत मुठीएवढा पंप आणि त्या पंपातून वर ताट्यांवर पाणी सोडणारी नळी. बस्स, एवढाच त्याचा संसार! बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत येते, येताना थोडे पाणी सुकवते, त्यात तिची उष्णता खर्च होते आणि आपल्याला गार वारा मिळतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास फिरू लागला की हा कूलर म्हणजे चैन राहत नाही. घरात तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर तो औषधाइतकाच गरजेचा होतो.

आता या कूलरची गंमत पाहा. तो बाजारात अख्खा मिळतो, तसा तुकड्या-तुकड्यांनीही मिळतो. पंप वेगळा, नळी वेगळी, ताट्या वेगळ्या, पंख्याचे पाते वेगळे, मोटर वेगळी. ताट्या दर वर्षी बदलायच्या हे तर घरातल्या लहान पोरालाही ठाऊक. पंप बंद पडला तर संध्याकाळी बाजारातून दुसरा आणायचा, दोन तारा जोडायच्या की झाले. मोटर जळली तर वाइंडिंगच्या दुकानात ती पुन्हा भरून मिळते. टाकीचा तळ गंजला तर पत्र्याचे काम करणारा नवा तळ ठोकून देतो. म्हणूनच पुष्कळ घरांतून ‘हा कूलर सासूबाईंच्या काळातला आहे’ असे कौतुकाने सांगतात. त्यातले सासूबाईंच्या काळचे नेमके काय उरले आहे, ते मात्र शोधावेच लागते!

याच बाजारात आता प्लॅस्टिकचे, रिमोटवर चालणारे देखणे कूलरही येतात. त्यांना नावे ठेवायला मी ही लेखणी उचललेली नाही. ते गंजत नाहीत, हलवायला हलके असतात, दिवाणखान्यात शोभतातही. पण त्यांतल्या काहींचा पंप पाहायचा म्हटले तर आधी मागची भिंत काढा, मग आतली पट्टी काढा, मग कुठे हात पोचतो. बटणांमागची सर्किटची पाटी बिघडली की दुकानदार मान हलवतो. “ताई, ही इथं नाही मिळणार. कंपनीकडून मागवावी लागेल.” तोवर रोहिणी नक्षत्र सरते, मृगाचा पाऊस येतो आणि कूलरचे कामच उरत नाही.

दोन्ही कूलर गारच वारा देतात. फरक आहे तो बिघडल्यानंतरचा. आणि तो फरक मिस्त्रीच्या हातात नसतो, आपल्या नशिबातही नसतो. ती वस्तू जिथे कागदावर आखली गेली, तिथेच तो ठरून गेलेला असतो. आजचे माझे सांगणे एवढेच आहे. कोणतीही वस्तू कधी ना कधी बिघडणारच. ती दुरुस्त होईल की नाही हे मात्र ती घेतानाच ओळखता येते आणि ते ओळखायला आपण बायकांनी शिकले पाहिजे.

जे आधी झिजायचे, ते स्वस्त आणि हाताशी

आपल्या जुन्या वस्तू ज्यांनी घडवल्या, त्यांना ही गोष्ट कुणी पुस्तकातून शिकवली नव्हती. धानाच्या शेतातला लाकडी नांगर आठवा. जमिनीशी झोंबायचे ते लोखंडी फाळाने. फाळ बोथट झाला की लोहाराकडून पाजवून आणायचा, फारच झिजला तर नवा बसवायचा. नांगर तोच. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे. रस्त्याशी घासायची ती धाव, लाकडी चाक नव्हे. धाव सैल झाली की तापवून पुन्हा बसवत. एखादा आरा मोडला तर सुतार तेवढा आराच बदलून देई. घरातल्या जात्याचे दात गुळगुळीत झाले की ‘टाकी लावायची का, टाकी!’ असा पुकारा करीत येणारी बाई दगडाला पुन्हा टाके घालून देई. खुंटा ढिला झाला तर आपणच तो ठोकून बसवायचो. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की कल्हईवाला ती नवी करून देई. पातेले मात्र आजीचे नातीपर्यंत चाले.

या सगळ्यांत एकच हिशेब आहे. काय आधी झिजणार ते आधीच ओळखायचे, तेवढा भाग वेगळा ठेवायचा, तो स्वस्त ठेवायचा आणि गावातल्या गावात बदलता येईल असा बसवायचा.

हाच हिशेब आपल्या प्रेशर कुकरमध्येही आहे. तुमच्या लक्षात आले आहे का? कुकरचे भांडे वर्षानुवर्षे टिकते. कडक होऊन वाफ सोडू लागते ती रबराची गॅस्केट. ती वेगळी मिळते आणि बदलायला हत्यारही लागत नाही. झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये थोड्या उष्णतेने वितळणारा धातू भरलेला असतो. कुकरमधले पाणी आटले, किंवा शिट्टीची वाट बंद होऊन आतली उष्णता नको तितकी वाढली, की तो धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. म्हणजे तो व्हॉल्व्ह स्वतः खर्ची पडून कुकर वाचवतो, आणि आपल्यालाही वाचवतो. मग आपण काय करायचे? कुकर फेकायचा नाही, तेवढा व्हॉल्व्ह आणायचा. मात्र आपल्याच कंपनीचा आणि आपल्याच मापाचा आणायचा. इथे चार पैसे वाचवायला जाऊ नये.

मिक्सरचेही तसेच. भांडे आणि मोटर यांच्यामध्ये एक दातेरी कपलर असतो. भांड्यात काही कठीण अडकले की तो कपलर तुटतो आणि मोटर सुटते. मिक्सरच्या बुडाशी एक लहानसे लाल बटण असते, तेही पुष्कळजणींना ठाऊक नसते. जास्त भार पडला की ते आपोआप बाहेर येते आणि मिक्सर बंद पडतो. अशा वेळी प्लग काढावा, भांड्यातला थोडा माल कमी करावा, मोटर थंड होऊ द्यावी आणि मग ते बटण आत दाबावे. निम्म्या वेळा ‘बंद पडलेला’ मिक्सर इथेच सुरू होतो.

गिरणीवाल्याला जे कळते

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा आणि गोंदिया शहर राइस मिलचे. मिलमध्ये धानावरचे तूस काढायला दोन रबरी रोल असतात. ते एकमेकांच्या उलट दिशेने आणि वेगवेगळ्या वेगाने फिरतात. त्या दोहोंमधून धान गेले की तूस सुटते. यात रबर सतत झिजते. झिजणे हेच त्याचे काम, कारण रबराऐवजी कठीण काही लावले तर तांदळाचीच कणी होईल. मिलवाला हे रोल हिशेबातच धरतो. झिजले की बदलतो आणि मिल पुन्हा सुरू.

आता समजा, एखादा विक्रेता त्याला म्हणाला, “शेठजी, नवीन मशीन घ्या, फार सुंदर आहे. फक्त याचे रोल बदलता येत नाहीत. झिजले की सगळे मशीन नवे घ्यायचे.” तो शेठ त्याला चहासुद्धा पाजणार नाही!

मग आपणच तो विक्रेता घरात का घेतो? संसार हीसुद्धा एक गिरणीच आहे, अन् ती वर्षाचे ३६५ दिवस चालते. पण गिरणीवाला मशीन घेताना जो पहिला प्रश्न विचारतो, तो आपण रंग, ऑफर आणि हप्ता यांच्या गडबडीत विचारतच नाही. शिवाय घरात अजून एक रीत आहे. विजेची वस्तू घ्यायला गेले की बोलायचे ते पुरुषांनी, आणि ती बंद पडली की अडायचे ते आपण. सकाळी सहाला चटणी वाटायची असते तेव्हा दुकानात बोलणारे अजून झोपलेले असतात!

ज्या मिक्सरची गोष्ट सांगायलाच हवी

मिक्सरचीच एक खरी गोष्ट आहे. १९६० च्या सुमाराची, मुंबईची. सत्यप्रकाश माथूर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरीबाईंकडे परदेशी बनावटीचा मिक्सर होता. आपल्या स्वयंपाकाचे काम त्याला झेपेना आणि त्याची मोटर जळली. तो दुरुस्त करून देण्याची सोय इथे नव्हती. परदेशातल्या ज्या कारागिरांनी तो आखला, त्यांच्या डोळ्यांपुढे फळांचा रस आणि केकचे पीठ होते. भिजवलेली डाळ, सुके खोबरे नि हळकुंड त्यांनी कुठे पाहिले असणार? माधुरीबाईंची अडचण पाहून माथूरांनी आपल्या वाटणाला पुरी पडेल अशा दमदार मोटरीचा मिक्सर तयार केला. १९६३ साली कंपनी निघाली आणि ‘सुमीत’ हे नाव घरोघरी गेले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तर कित्येक घरांत मिक्सरला मिक्सर म्हणतच नसत, ‘सुमीत’च म्हणत.

या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते हे. एका गृहिणीने ‘हे इथे चालत नाही आणि दुरुस्तही होत नाही’ म्हणून कुरकूर केली आणि ती कुरकूर कुणीतरी ऐकली. वस्तू आखणाऱ्याने स्वयंपाकघरातले ऐकले तर केवढा फरक पडतो! आपण बोलतच नाही, म्हणून ते ऐकत नाहीत.

पुण्याच्या बजाज कंपनीची १९७२ साली आलेली चेतक स्कूटरही तशीच. तिचे पुढचे, मागचे आणि राखीव चाक एकाच मापाचे. त्यामुळे कोणतेही पंक्चर झाले तरी तेच राखीव चाक लावता येई, तेही रस्त्याच्या कडेला. गावोगावी ती उघडू शकणारे मिस्त्री तयार झाले, कारण ती उघडण्यासारखी होती. कारागीर काही आकाशातून पडत नाहीत. उघडता येणाऱ्या वस्तूच कारागीर घडवतात.

जुने सोने, नवे पितळ? तसेही नाही

तुम्ही म्हणाल, ‘ही बाई आपली जुन्याचे गुणगान गाते आहे.’ तसे नाही हं. एक हिशेब करून पाहू. साधा जुना छतपंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. नव्या प्रकारचा, ज्याला बीएलडीसी म्हणतात तो, ३० वॅटच्या आसपास घेतो. पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे साधारण १६ युनिट वाचतात. घरात तीन पंखे असतील तर जवळजवळ ५० युनिट! बिल भरणाऱ्या बाईने हे नाकारून कसे चालेल?

पण दुसरी बाजूही पाहा. जुना पंखा हळू फिरू लागला तर बहुधा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. तो थोड्याशा पैशांत मिळतो आणि कोणताही वायरमन पाच मिनिटांत बदलतो. नव्या पंख्यात मोटरीबरोबर इलेक्ट्रॉनिक पाटी असते. ती गेली तर तीच लागते, दुसऱ्या कंपनीची चालत नाही. म्हणून बीएलडीसी पंखा जरूर घ्यावा, पण घेताना विचारावे की ही पाटी सुटी मिळते का, केवढ्याला मिळते आणि गोंदियात मिळते की नागपूरहून येते. पाटीची किंमत पंख्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर तो पंखा स्वस्त नव्हे.

ट्यूबलाइटचे उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचे आहे. पूर्वी पट्टी वेगळी, चोक वेगळा, स्टार्टर वेगळा, नळी वेगळी. दिवा लुकलुकू लागला की स्टुलावर चढून स्टार्टर फिरवायचे काम कित्येकींनी केले असेल. आताची एलईडीची पट्टी निम्म्याहून कमी विजेत तेवढाच उजेड देते, हा तिचा मोठा गुण. पण ती पुष्कळदा एकसंध बंद केलेली असते. आतला एखादा लहानसा भाग गेला की अख्खी पट्टी कचऱ्यात. वीज वाचवणे आणि उघडता येणे या दोन गोष्टींत मुळात काही वैर नाही. चार स्क्रू लावले असते तर तीच पट्टी वीजही वाचवती आणि दुरुस्तही होती. ते चार स्क्रू कुणीतरी वाचवले, आणि त्यांचे पैसे आपण भरतो.

पैशांहून जास्त काही

आमच्याच वस्तीत शिवणकामावर घर चालवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांच्याकडे पायाने चालवायचे जुने काळे मशीन होते. अशा मशीनची सुई, बॉबिन, पट्टा कोणत्याही कंपनीचा बहुधा चालून जातो आणि तेल घालायची भोकेसुद्धा वरच दिसतात. काम वाढले म्हणून ताईंनी हप्त्यावर नवे विजेचे मशीन घेतले. छान चालायचे, टाकेही सुबक यायचे. ऐन लग्नसराईत त्याच्या आतले प्लॅस्टिकचे एक चक्र तुटले. दुकानदार म्हणाला, ‘हे चक्र सुटे येत नाही. आतला सगळा जोडच मागवावा लागेल, तीन आठवडे धरा.’ तीन आठवड्यांत लग्ने थोडीच थांबतात! अखेर जुने मशीन पुसून, तेल घालून ताईंनी उरलेले ब्लाउज पुरे केले. पण तोवर निम्मे काम दुसरीकडे गेले होते. हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच आला.

बोटभर प्लॅस्टिकच्या चक्रासाठी एका बाईचा महिना गेला. ते चक्र सुटे विकायचे की नाही, हे ठरवणाऱ्याला ही ताई कधी दिसलीच नसेल.

जगात काय चालले आहे

या बाबतीत आता सरकारेही जागी होऊ लागली आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून वॉशिंग मशीन, टीव्ही, लॅपटॉप, स्मार्टफोन अशा काही वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापणे सक्तीचे झाले. दहापैकी किती, हे किमतीजवळच दिसावे लागते. गुण देताना पाहतात ते असे: दुरुस्तीची माहिती मिळते का, वस्तू सहज उघडता येते का, सुटे भाग मिळतात का आणि मूळ किमतीच्या मानाने ते केवढ्याला पडतात. मुलाची प्रगतिपुस्तिका पाहावी तशी बाई वस्तूची पुस्तिका पाहते आणि मग पैसे मोजते.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्याने बाजारात येणाऱ्या स्मार्टफोन व टॅब्लेटसाठी नियम केला की त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. वस्तूतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी, या नियमासाठी तिथे १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवली आहे.

आपल्याकडेही हालचाल झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टु रिपेअर’ नावाचे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुरुस्तीचे गुण कसे द्यावेत हे ठरवायला दुसरी समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला.

हे सारे चांगलेच आहे. पण आपल्या दुकानातल्या मिक्सरवर गुणांचा आकडा छापून येईपर्यंत आपण हात बांधून बसायचे कारण नाही. १९६६ साली मुंबईत ग्राहकांसाठी संस्था उभी राहिली तिच्यामागे गृहिणीच होत्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. तेव्हा वजनमाप आणि भेसळ यांबद्दल विचारायला लोक शिकले. आता दुरुस्तीबद्दल विचारायला शिकू या.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

हे कात्रण कापून पाकिटात ठेवलेत तरी चालेल.

१. ही उघडते कशी? वस्तू उलटी करून पाहावी. साधे स्क्रू दिसले तर उत्तम. स्क्रू कुठेच नसतील, सगळे चिकटवलेले असेल, किंवा स्क्रूच्या डोक्याला आपल्या पेचकसाला न जुमानणारी भलतीच नक्षी असेल, तर ती तुम्ही उघडू नये अशीच आखलेली आहे असे समजावे.

२. यात आधी काय बिघडते? दुकानदाराला हे पक्के ठाऊक असते. मिक्सरचा कपलर आणि कार्बन ब्रश, कूलरचा पंप, इस्त्रीची वायर, पंख्याची पाटी. तो भाग सुटा मिळतो का आणि केवढ्याला, हे तिथेच विचारावे. शक्य तर तो भाग काढून दाखवायला सांगावे.

३. गावात ही कोण दुरुस्त करतो? ‘कंपनीचा माणूस येईल’ हे उत्तर पुरे नाही. कुठून येईल, किती दिवसांनी येईल आणि नुसता पाहायला यायचे किती घेईल, हे विचारावे. वस्तू घेण्याआधी आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला एक फोन करावा. तो ज्या वस्तूचे नाव काढताच कपाळाला हात लावतो, ती घेऊ नये.

४. भाग किती वर्षे मिळतील? गॅरंटी एक-दोन वर्षांची असते, आपल्याला वस्तू दहा वर्षे वापरायची असते. दुकानदार तोंडी सांगेल ते बिलावर लिहून मागावे. लिहायला तयार झाला नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

५. भाग दुसऱ्या कशाशी जुळतो का? साधी पिन, साधी बॅटरी, नेहमीच्या मापाची नळी ज्या वस्तूत असेल ती आधी निवडावी.

घरी आल्यावर बिल, पुस्तिका आणि गॅरंटी कार्ड एका जुन्या फाइलमध्ये ठेवावे. वस्तूच्या मागे मॉडेलचा नंबर चिकटवलेला असतो. कालांतराने तो पुसला जातो, म्हणून आणल्या दिवशीच फाइलवर उतरवून घ्यावा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवावा. सुटा भाग मागायला जाल तेव्हा पहिला प्रश्न त्याच नंबरचा असतो. गॅरंटीच्या मुदतीत मात्र वस्तू बाहेरच्या माणसाकडून उघडू नये. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

हात कुठे घालू नये

उघडता येणे म्हणजे आपणच सगळे उघडणे नव्हे. मायक्रोवेव्ह ओव्हन घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आत जीवघेणी वीज साठून राहिलेली असू शकते. मोबाइलची फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, तशीच दुकानात न्यावी. गॅसच्या रेग्युलेटरशी खेळ करू नये.

आणि कूलर! आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणीतरी दगावल्याची बातमी वाचावी लागते. पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात विजेचा पंप आणि ओले हात. पाणी भरण्याआधी नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढावा. तीन पिनांचा प्लग असावा आणि अर्थिंग चालू आहे याची हंगामाच्या सुरुवातीलाच वायरमनकडून खात्री करून घ्यावी. पंपाची वायर कुठे सोलली असेल तर तिला टेप गुंडाळत बसू नये, पंप नवा आणावा. तो वेगळा मिळतो, हेच तर या कूलरचे भाग्य आहे.

शेवटी एक सुचवते. शाळेत मी मुलामुलींना शिकवते, तेव्हा दिसते की बंद पडलेले खेळणे मुलगा उघडून बसला तर घरात कौतुक होते आणि मुलीने उघडले तर ‘पसारा आवर’ म्हणतात. या सुट्टीत आपल्या मुलीच्या हातात एक पेचकस द्या. आधी मिक्सरचा कपलर कुठे असतो ते दाखवा, मग कुकरची गॅस्केट तिलाच बदलू द्या. पुढे ती आयटीआयला जाईल की कॉलेजला, ते तिचे ती ठरवील. पण उद्या ती आपल्या संसारासाठी, किंवा एखाद्या कारखान्यातल्या आखणीच्या टेबलासाठी, एक प्रश्न बरोबर घेऊन जाईल, ‘हे उघडतं कसं?’

तुमच्या घरात सर्वांत जास्त वर्षे चाललेली वस्तू कोणती आणि तिचे काय काय बदलले, ते जरूर लिहून कळवा. निवडक पत्रांचा गोषवारा याच पानावर देईन. पुढच्या अंकात पावसाळ्यापूर्वी धान्य वाळवून साठवण्याविषयी बोलू.